मोल्सवर्थ, जेम्स टॉमस

(१५ जून १७९५ – १३ जुलै १८७१). ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी आणि मराठी-इंग्रजी शब्दकोशाचे मुख्य संपादक. कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि आज वापरात आहे ती हीच. मराठी अभ्यासकांत ‘मोल्सवर्थ’ हे आता माणसापेक्षा पुस्तकाचेच नाव झाले आहे. जुन्या बखरीत किंवा दप्तरात शब्द अडला की ‘मोल्सवर्थमध्ये पाहा’ असे सांगतात, तेव्हा तो कोणी कॅप्टन होता हे क्वचितच कोणाच्या ध्यानात असते.

सोळा-सतरा वर्षांचे असताना ते हिंदुस्थानात आले आणि पायदळात एनसाइन, म्हणजे सर्वांत खालच्या हुद्द्याचे अधिकारी झाले. कंपनीच्या पलटणीत देशी भाषा शिकणे हा नुसता छंद नव्हता. शिपायांशी बोलायला, चौकशीत जबान्या समजून घ्यायला प्रत्येक पलटणीत दुभाष्या अधिकारी लागे. त्या जागेसाठी भाषेची परीक्षा द्यावी लागे आणि वर भत्ताही मिळे. पुष्कळ अधिकारी परीक्षेपुरते शिकून थांबत. मोल्सवर्थ यांनी मराठीच्या जोडीला संस्कृतही घेतले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि देशावरचा मोठा मुलूख कंपनीकडे आला. महसूल, न्याय, मोजणी या सगळ्याचे कागद मराठीत होते, त्यामुळे भरवशाच्या कोशाची गरज सरकारलाच भासू लागली. मोल्सवर्थ यांचा खाजगी शब्दसंग्रह याच सुमारास वाढत होता.

कोश आधी अगदीच नव्हते असे नाही. बंगालमधले मिशनरी विल्यम केरी यांचा कोश १८१० मध्ये तिथल्या श्रीरामपूरला छापला गेला. त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत, आणि तो बंगालमध्ये बसून, नागपूरकडच्या पंडिताच्या मदतीने झालेला. पुण्या-कोकणच्या कागदांना तो पुरत नसे. १८२४ मध्ये व्हान्स केनेडी यांचा कोश मुंबईत निघाला. हेही लष्करातलेच अधिकारी, पण त्यांचा कोश आकाराने लहान होता.

मोल्सवर्थ यांना या कामासाठी पलटणीतून मोकळे करून मुंबईत बसवण्यात आले. सोबतीला जॉर्ज व टॉमस कँडी हे जुळे भाऊ दिले. तेही लष्करी अधिकारीच. कामाचा खरा भार मात्र पगारी शास्त्री-पंडितांवर होता. शब्द गोळा करायचा, तो कोणत्या अर्थाने आणि कोणत्या भागात वापरतात हे पाहायचे, पंडितांत मतभेद असला तर तो मिटवायचा, मग इंग्रजी अर्थ लिहायचा, असा क्रम असे. याच काळात सरकारी पुढाकाराने मराठीतच अर्थ देणारा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ही तयार होत होता (१८२९). जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखारामशास्त्री जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले यांनी तो केला. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या मुखपृष्ठावर तीन इंग्रजांची नावे आहेत. शास्त्र्यांचा वाटा त्यावरून कळत नाही, म्हणून दोन्ही कोश शेजारी ठेवूनच पाहावेत.

पुढे धार्मिक मतांमुळे मोल्सवर्थ यांनी लष्करी पेशा सोडला आणि १८३६ च्या सुमारास ते इंग्लंडला परतले. त्यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश अर्धवट राहिला. तो टॉमस कँडी यांनी पुरा करून १८४७ मध्ये छापला. दरम्यान १८३१ ची आवृत्ती संपली. नवी काढायची तर मूळ संपादक हवा, म्हणून मोल्सवर्थ १८५१ मध्ये पुन्हा आले. काही काळ ते महाबळेश्वरी राहून काम करीत होते. १८५७ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून दुसरी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत आणि आरंभी मराठी भाषेच्या घडणीवर मुंबईतले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचे टिपण आहे. १८६० च्या सुमारास मोल्सवर्थ कायमचे मायदेशी गेले.

कोशाची नोंद वाचण्याची एक रीत आहे. ती माहीत नसेल तर निम्मा मजकूर वाया जातो. शब्दापुढे आधी लिंग किंवा क्रियापदाचा प्रकार येतो, मग कंसात व्युत्पत्ती. कंसात नुसते ‘एस’ हे रोमन अक्षर असेल तर शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. ‘एस’च्या आधी दुसरा शब्द दिला असेल तर तो मूळ संस्कृत शब्द आणि नोंदीतला त्याचे बदललेले रूप. ‘एच’, ‘पी’, ‘ए’ ही हिंदुस्तानी, फार्सी आणि अरबीची अक्षरे. त्यानंतर अर्थ, आणि अर्थांच्या पाठोपाठ पुष्कळदा ‘व्ही’ हे अक्षर व त्यापुढे मराठी धातू: मार, घाल, लाव, खा. कोणत्या नामाला कोणते क्रियापद चालते हे त्यातून कळते. परक्याची मराठी इथेच अडखळते. आरोळी ठोकतात, शपथ वाहतात, गोता खातात, हे अर्थावरून ओळखता येत नाही. त्याहून बारीक खूण षष्ठीची. ‘मला त्याची आठवण येते’ यात ‘ची’ आठवणाऱ्याला लागलेली नाही, ज्याची आठवण येते त्याला लागली आहे. उलट ‘त्याची झोप उडाली’ यात ती झोपणाऱ्याला लागते. नाम आणि क्रियापद जोडीने येते तिथे षष्ठी कर्त्याची की कर्माची, हे कोश संक्षेपाने सांगतो. पंडिताला हे सांगावे लागत नाही, म्हणून तो लिहीतही नाही. परीक्षेसाठी भाषा शिकलेल्या अधिकाऱ्याला ते लिहावेसे वाटले.

अर्थ देतानाही नुसता प्रतिशब्द देऊन कोश मोकळा होत नाही. ‘पोळा’ या नोंदीत श्रावणाची किंवा भाद्रपदाची अमावास्या, बैलांना कामातून सुटी, त्यांना रंगवणे-सजवणे आणि मिरवणे, इतके सगळे दोन-तीन ओळींत येते. त्यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. काही भागात पोळा श्रावणात होतो, काही भागात भादव्यात, आणि कोशाने दोन्ही ठेवले आहेत. म्हणी, शिव्या, बायकांच्या बोलीतले शब्द, पोरांच्या खेळांतले शब्द हेही त्यात भरपूर आहेत. संस्कृतप्रचुर शब्दांवर भर देणाऱ्या कोशात यातले बरेचसे गाळले गेले असते.

आजचा वाचक शब्द शोधताना चुकतो तो बहुधा लेखनामुळे. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, कोश मात्र त्यांच्यासह लिहिलेला आहे. ‘गाव’, ‘पाच’, ‘काही’, ‘केळे’, ‘करणे’ असे शोधले तर हाती काही लागत नाही. ‘गांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘केळें’, ‘करणें’ असे शोधावे लागते. छापील प्रतीत अनुस्वारामुळे शब्दाची क्रमातली जागाही बदलते. नपुंसकलिंगी एकारान्त नाम आणि क्रियापदाचे ‘णें’ रूप यांवर शेवटी अनुस्वार धरूनच चालावे. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ उरतोच, तेव्हा एक रूप सापडले नाही तर दुसरे पाहावे.

कोशाच्या उणिवा ठळक आहेत. व्युत्पत्ती देताना मराठी शब्द थेट संस्कृताला जोडला जातो, मधली प्राकृताची पायरी बहुधा येत नाही. तौलनिक भाषाशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्यामुळे व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) जवळ ठेवावा. जातींविषयीच्या आणि देवाधर्माच्या नोंदींत ब्राह्मण माहीतगारांचा कल आणि ख्रिस्ती संपादकाची नजर, दोन्ही उतरली आहेत. अशी नोंद त्या काळातल्या मताचा पुरावा म्हणून वाचावी, व्याख्या म्हणून नव्हे. शिवाय इंग्रजी अर्थही १८५७ चे आहेत आणि त्यातले काही इंग्रजी शब्द आज स्वतःच कोशात पाहावे लागतात.

बाबा पदमनजी यांनी विद्यार्थ्यांसाठी १८६३ मध्ये कोशाचा संक्षेप काढला. दाते-कर्वे यांच्या सात खंडांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–३८) मोल्सवर्थचा मोठा आधार घेतला. १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने ना. गो. कालेलकर यांच्या प्रस्तावनेसह १८५७ ची आवृत्ती पुन्हा छापली. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात ती आता संगणकावरही शोधता येते, आणि अनुस्वार विसरला तर तिथेही शब्द सापडत नाही.