सावली आधी बिअरसाठी होती

म्युनिकच्या मुख्य रेल्वे स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर ‘आउगुस्टिनर केलर’ नावाची बिअर गार्डन आहे. चेस्टनटच्या जुन्या झाडांखाली मांडलेल्या बाकांवर तेथे सुमारे ५००० माणसे बसू शकतात. जर्मन भाषेत ‘केलर’ म्हणजे तळघर. उघड्या बागेला तळघराचे नाव का, याचे उत्तर यीस्ट या एकपेशीय बुरशीच्या स्वभावात दडलेले आहे.

बार्लीला मोड आणून, ती वाळवून माल्ट तयार करतात. माल्टमधून पाण्यात उतरलेली शर्करा यीस्ट खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. एल या प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने काम करते. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियातील लागर बिअरचे यीस्ट मात्र ८ ते १२ अंशांच्या थंडीत, सावकाश काम उरकते आणि शेवटी गोळा होऊन तळाशी बसते. हे यीस्ट संकरित आहे. त्याच्या पालकांपैकी एक म्हणजे पाव फुगवणारे परिचित यीस्ट. दुसरा पालक २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडील पॅटागोनियात दक्षिणी बीच वृक्षांवर सापडला आणि त्याला ‘सॅकरोमायसिस युबायानस’ असे नाव देण्यात आले. थंडी सोसण्याचा गुण लागरला त्याच्याकडून मिळाला. पुढे तो तिबेटमध्ये आणि आयर्लंडमध्येही आढळला, त्यामुळे तो अटलांटिक ओलांडूनच युरोपात आला असावा, असे मानण्याची गरज उरली नाही.

उन्हाळ्यात तयार केलेली बिअर जिवाणूंमुळे लवकर आंबट होई. बव्हेरियाच्या ड्यूकने १५५३ मध्ये बिअर तयार करण्याची मुभा २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळापुरती ठेवली. सूक्ष्मजीव म्हणजे काय हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते, तरीही थंडी मानवणाऱ्या यीस्टला अशा नियमाने आपोआपच झुकते माप मिळाले. राजाज्ञेने घडवलेल्या निवडीचे याहून सुंदर उदाहरण मला तरी आठवत नाही.

मार्चमधील बिअर शरद ऋतूपर्यंत टिकवायची, तर ती थंड ठेवणे भाग होते. म्हणून ईझार नदीकाठच्या उतारांत तळघरे खोदण्यात आली आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून त्यांत भरण्यात येऊ लागला. म्युनिकमध्ये भूजल फार खाली नसल्याने तळघरे हवी तितकी खोल नेता येत नसत; त्यामुळे माथ्यावरची जमीनच थंड राखणे आवश्यक झाले. त्यासाठी वर खडी पसरली गेली आणि हॉर्स चेस्टनटची झाडे लावली गेली. या झाडाची पंजासारखी रुंद पाने दाट सावली धरतात, पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाने भोवतालची हवा थोडी निवते आणि उथळ मुळे तळघराच्या कमानींना इजा करत नाहीत.

सावली झाली, खाली बिअर होतीच; माणसे जमणे साहजिक होते. खाणावळवाल्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा राजा मॅक्सिमिलियन पहिला योझेफ याने १८१२ मध्ये मद्यनिर्मात्यांना उन्हाळ्यात तळघरापाशी बिअर विकण्याची परवानगी दिली, पण सोबत पावाखेरीज काही देण्यास मनाई केली. लोक घरून शिदोरी आणू लागले, आणि आज बागेत स्वयंपाकघर असले तरी ती रीत चालूच आहे. टेबलावर दिसणारे प्रेट्झेल हे पिळाचे खारट पाव आणि मीठ लावलेला पांढरा मुळा केवळ तहान वाढवत नाहीत. सोडियममुळे जिभेला जाणवणारा कडवटपणा दबतो, त्यामुळे हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या, कडवटपणाआडची माल्टची गोडी पुढे येते.

१८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी म्युनिकमध्येच शीतकरण यंत्र विकसित केले आणि बिअरला झाडांची गरज उरली नाही. तरीही काचेच्या पेल्याला सावली आजही उपयोगी पडते. उन्हातला प्रकाश बिअरमधील रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) शोषून घेते आणि हॉप्समधील कडू रेणूंचे विघटन सुरू होते. त्यातून गंधकयुक्त असे एक संयुग तयार होते, ज्याचा वास स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीयुक्त फवाऱ्याची आठवण करून देतो. तो अतिसूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतो. करड्या दगडी मातीच्या जुन्या मगात ही अडचण येत नाही, कारण त्याच्या जाड भिंतींतून प्रकाश आत शिरतच नाही.