मराठवाड्यात पिकवूया समुद्राचा हिरवा चारा

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. संभाजीनगरहून मुंबईचा किनारा गाठायचा तर रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे जावं लागतं. तरीही घरात खाऱ्या पाण्याची टाकी हौसेनं सांभाळणारी माणसं आपल्याकडे आहेत. क्लाऊनफिशचं भागतं गोळीखाद्यावर. पण त्याच टाकीतले शिंपले, स्पंज, फेदर डस्टर किडे आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे कवचधारी जीव यांना लागतं ते फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारी एकपेशीय हिरवी वनस्पती. हौशी मंडळी तिला नुसतं ‘फायटो’ म्हणतात. ती घरी पिकवता येते आणि माझ्या मते प्रत्येक टाकीवाल्यानं एकदा तरी पिकवावीच. कारण पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला जवळपास अर्धा वाटा या तरंगत्या जिवांचा आहे, आणि आपल्याला ते एरवी कधी दिसतही नाहीत.

आपल्या पावसाशीही त्यांचा संबंध आहे. जूनमध्ये जो नैऋत्य वारा आपल्याकडे ढग घेऊन येतो, तोच सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला लोटतो. त्या जागी खोलातलं थंड, नायट्रेट आणि फॉस्फेटनं भरलेलं पाणी वर येतं. खत आणि ऊन एकत्र आलं की अरबी समुद्राच्या पश्चिमेला फायटोचं पीक उसळतं. घरच्या बाटलीत आपण खत, उजेड आणि ढवळणं या तीनच गोष्टी पुरवतो.

सुरुवात नॅनोक्लोरोप्सिसपासून करावी. पेशी दोन ते चार मायक्रॉनची, स्वभावानं चिवट, ओमेगा-3 गटातल्या ईपीए या स्निग्धाम्लानं समृद्ध. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ती नुसते हिरवे ठिपके दिसते. खरी मजा टेट्रासेल्मिसमध्ये आहे. एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि चारशे पट मोठा करून पाहा. लांबट गोल हिरव्या पेशी पुढच्या टोकाच्या चार केसाळ शेपट्या हलवत सरळ पोहत जातात, मध्येच थबकतात, दिशा बदलतात. ही वनस्पती आहे हे स्वतःला दोनदा सांगावं लागतं.

पाणी बोअरचं नको. ते जड असतं आणि बऱ्याच गावांत त्यात नायट्रेटही असतं. आरओचं पाणी घ्यावं. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण आरओतून वाया जाणारं पाणी फरशीला वापरावं. मीठही स्वयंपाकाचं चालत नाही, कारण समुद्रात सोडिअम क्लोराइडशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच काही असतं. त्यासाठी मत्स्यालयाचं मीठ मिळतं. आपल्या शेजारच्या लोणार सरोवराचं पाणीही खारं आहे, मग तेच का नको, असं कुणी विचारेल. त्यात सोडिअम कार्बोनेट भरपूर आणि सामू (पीएच) दहाच्या आसपास. स्पिरुलिनाला ते मानवतं, समुद्री शैवालाला नाही.

खारं पाणी कुकरमध्ये उकळण्यापेक्षा ब्लीचनं निर्जंतुक केलेलं बरं, कारण जास्त तापवलं की त्यातले कार्बोनेट क्षार खाली बसतात आणि सामू चढतो. वास आणि साबण नसलेलं साधं ब्लीच लिटरला एक-दोन मिलीलिटर घालून रात्रभर ठेवा. सकाळी सोडिअम थायोसल्फेटचे थोडे खडे टाका, हवा सोडा आणि क्लोरीन उरला नाही ना, हे टेस्ट किटच्या थेंबांनी तपासा. बाटल्या मात्र कुकरच्या वाफेत खुशाल काढाव्यात, काचेच्या असतील तर.

खताबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या घराघरांत ठिबकमधून सोडायचं 19:19:19 खत पडलेलं असतं आणि मोह होतो. समुद्रातल्या प्लवकांत, म्हणजे तरंगत्या जिवांत, सरासरी सोळा नायट्रोजन अणूंमागे एक फॉस्फरस अणू असतो. आल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावानं हे प्रमाण ओळखलं जातं. रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन राइदर यांनी 1962 मध्ये दिलेल्या ‘एफ’ या पोषकद्रावणाचं निम्म्या ताकदीचं रूप, ‘एफ-बाय-टू’, आज जगभर वापरतात. त्यात हे प्रमाण चोविसास एक आहे. 19:19:19 चा हिशेब अणूंत मांडला तर ते जेमतेम पाचास एक भरतं, कारण पिशवीवरचा मधला आकडा निव्वळ फॉस्फरसचा नसून फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो. म्हणजे शैवाल नायट्रोजन संपवून थांबतं आणि उरलेला फॉस्फरस थेट टाकीत जाऊन काचेवर नको ते शेवाळ माजवतो. शिवाय त्यातला नायट्रोजन काही युरियाच्या, काही अमोनियमच्या रूपात असतो आणि चढ्या सामूत अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. शेतात ते उत्तम, इथे नको.

दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत दीड लिटर खारं पाणी, त्यात एफ-बाय-टू, पाव भाग बियाणं (म्हणजे आधीचं तयार हिरवं पाणी), तळापर्यंत कडक नळी, पंपातून मध्यम बुडबुडे आणि सोळा तास ट्यूबलाइट. एवढ्यावर आठवडा-दहा दिवसांत बाटलीमागचं वर्तमानपत्र वाचता येईनासं होतं. हवेच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर लाइट गेली की पाणी उलट पंपात उतरतं. भारनियमनाचे दोन-चार तास पेशी सहज सोसतात; मधूनमधून बाटली हलवली की झालं.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा 42 वर गेला की खोलीतली बाटलीही तिशी ओलांडते आणि हिरवं पाणी एका रात्रीत पिवळं पडून फेसाळतं. आपली कोरडी हवा इथे मदतीला येते: पाण्याच्या परातीत उभी केलेली बाटली कूलरसमोर ठेवली की बाष्पीभवनानं बरीच निवते. टाकीतलं पाणीही याच दिवसांत झपाट्यानं आटतं आणि खारटपणा वाढतो, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.

तरी बाटली जाते, कधी उष्म्यानं, कधी चुकून शिरलेल्या रोटिफरांनी, म्हणजे फायटो खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांनी. दुबार पेरणीचं संकट ठाऊक असलेल्या आपल्या माणसांना बियाणं हातचं राखण्याचं महत्त्व पटवावं लागत नाही. दाट नॅनोक्लोरोप्सिसची एक बाटली नेहमी फ्रिजमध्ये, चार अंशांच्या आसपास ठेवावी आणि रोज हलवावी. दोन-तीन आठवडे ती सहज टिकते. दुसरी चालू बाटली वेगळ्या खोलीत असावी. रोटिफरांना वापरलेलं मापटं, नळी, झाकण फायटोजवळ आणूच नये.

टाकीत घालताना हात आखडता ठेवा. शंभर लिटरला दिवसाला दहा मिलीलिटरपासून सुरू करावं आणि तेवढा वेळ प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, बंद ठेवावा. जी प्रवाळं आपल्या अंगातल्या शैवालावर जगतात, त्यांना याचा थेट फायदा फारसा नसतो. त्यांना मिळतो तो फायटो खाऊन वाढलेल्या कोपेपॉडांचा. आणि प्रवाळं किंवा समुद्रघोडे विकत घेण्याआधी विक्रेत्याला कागदपत्रं जरूर विचारा. भारतीय समुद्रातली खडकाळ प्रवाळं आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत.