ज्येष्ठ रॉक बँडांचे उत्तरकालीन अल्बम

स्थापनेला तीस-चाळीस वर्षे होऊन गेलेले रॉक बँड स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांचे जे अल्बम काढतात, ते या प्रकारात मोडतात. गाजलेल्या गाण्यांचे संग्रह, मैफलींची ध्वनिमुद्रणे आणि जुन्या अल्बमांच्या सजवलेल्या आवृत्त्या यात धरत नाहीत. रॉक हे १९५० आणि १९६० च्या दशकांत पोरासोरांचे संगीत म्हणून वाढले. त्यामुळे सत्तरीतल्या वादकांनी नवे काय वाजवावे, याचा कित्ता कोणापुढेच नव्हता. ख्यालगायक उतारवयात अधिक खुलतो, हे आपल्याकडे सहज मान्य होते. रॉकच्या श्रोत्यांना ही कल्पना अजून पुरती पचलेली नाही.

अशा बँडला नव्या अल्बमची आर्थिक निकड क्वचितच असते. इंटरनेट आणि स्ट्रीमिंगमुळे ध्वनिमुद्रिकांचा खप घसरला, तेव्हापासून मोठ्या बँडांची कमाई मुख्यतः दौऱ्यांवर चालते, आणि दौऱ्याची तिकिटे खपतात ती जुन्या गाण्यांच्या जोरावर. ‘आता एक नवे गाणे’ असे गायकाने म्हणताच निम्मे मैदान बिअरच्या रांगेकडे वळते, हा या धंद्यातला जुना विनोद आहे. तरुण बँडांशी यांची स्पर्धा नसतेच. ती असते स्वतःच्याच पंचविशीतल्या गाण्यांशी. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडने २००६ च्या दौऱ्यात ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा नवाकोरा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, तेव्हा जुन्या गाण्यांच्या आशेने आलेल्या काहींनी कुरकुर केली. पुढचा मोठा दौरा १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू झाला. त्यात बहुतेक गाणी ऐंशीच्या दशकातली होती. तरीही २०२१ मध्ये या बँडने ऐंशीहून अधिक मिनिटांचा ‘सेन्जुत्सू’ काढलाच.

या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रोलिंग स्टोन्सचा ‘हॅक्नी डायमंड्स’ (२० ऑक्टोबर २०२३). बँडची पहिली मैफल १९६२ ची. नव्या गाण्यांचा आधीचा अल्बम २००५ चा. २०१६ चा ‘ब्लू अँड लोनसम’ हा इतरांच्या जुन्या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत) गाण्यांचा होता. मधल्या काळात नव्या गाण्यांचे मुद्रण अधूनमधून होई, पण अल्बम तडीस जाईना. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रमवादक चार्ली वॉट्सचे निधन झाले आणि टाळाटाळीला जागा उरली नाही. अखेर गायक मिक जॅगरने मुदत ठरवली: २०२३ च्या व्हॅलेंटाइन डेपर्यंत काम संपवायचे. निर्माता म्हणून अँड्र्यू वॉट आला. हा १९९० चा जन्म, म्हणजे जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्या नातवाच्या वयाचा. स्टुडिओत तो रोज स्टोन्सचा वेगळा टी-शर्ट घालून येई. बरेचसे मुद्रण काही आठवड्यांतच उरकले. चार्ली वॉट्सने आधी वाजवून ठेवलेली दोन गाणी अल्बमात घेतली. त्यांपैकी एकावर, तीस वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला बिल वायमन पुन्हा बेस वाजवतो. बाकीच्या गाण्यांवर ड्रम स्टीव्ह जॉर्डनचे आहेत. पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर, लेडी गागा अशी पाहुण्यांची रीघ लागली होती. मात्र शेवटच्या गाण्यात कोणी पाहुणा नाही, ड्रमही नाहीत. ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या १९५० च्या ज्या गाण्यावरून बँडचे नाव पडले, ते गाणे जॅगर आणि रिचर्ड्स एक गिटार, एक हार्मोनिका आणि आवाज एवढ्याच सामग्रीवर सादर करतात. अल्बमातली काही रॉक गाणी फार घासूनपुसून गुळगुळीत केलेली वाटतात. हे गाणे तसे नाही. २०२५ मध्ये या अल्बमला सर्वोत्तम रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

मुदत हा एक उपाय झाला. बाहेरच्या माणसाने बँडला त्याच्या मूळ नादाकडे वळवणे हा दुसरा. ब्लॅक सॅबथचा ‘१३’ (२०१३) हे त्याचे उदाहरण. ऑझी ऑस्बॉर्न गायक असताना या बँडने त्याआधी काढलेला स्टुडिओ अल्बम १९७८ चा होता. निर्माता रिक रुबिनने त्यांना १९७० चा पहिला अल्बम पुन्हा ऐकायला लावला आणि आपण हेवी मेटल (रॉकचा जड, कर्कश प्रकार) वाजवतो हे विसरायला सांगितले. गिटारवादक टोनी आयोमीवर तेव्हा लिम्फोमा या कर्करोगाचे उपचार चालू होते. मूळ ड्रमवादक बिल वॉर्ड कराराच्या वादामुळे बाहेर राहिला, त्याची उणीव जाणवते. पहिला अल्बम पाऊस, गडगडाट आणि घंटेच्या आवाजाने सुरू होतो. ‘१३’ त्याच आवाजांनी संपतो. खपाच्या यादीत इंग्लंडात या बँडला त्रेचाळीस वर्षांनी पहिला क्रमांक मिळाला, अमेरिकेत तर प्रथमच.

बँड इतका काळ टिकला की त्यातली माणसे जातात, आणि अनेक उत्तरकालीन अल्बम गेलेल्या सदस्याने मागे ठेवलेल्या मुद्रणांवर उभे राहतात. एसी/डीसीच्या ‘पॉवर अप’ (२०२०) या अल्बमातल्या बाराही गाण्यांचे श्रेय गिटारवादक अँगस यंग आणि २०१७ मध्ये वारलेला त्याचा भाऊ माल्कम यांना आहे. दोघांनी साठवून ठेवलेल्या रिफांतून (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटींतून) ती बांधली, आणि माल्कमची गिटार पुतण्या स्टीव्हीने हाती घेतली. पिंक फ्लॉइडचा ‘द एन्डलेस रिव्हर’ (२०१४) हा १९९३-९४ मधल्या शिल्लक मुद्रणांतून, २००८ मध्ये निवर्तलेल्या रिचर्ड राइटच्या कीबोर्डभोवती रचलेला आहे. तो आदरांजली म्हणून ऐकावा, अल्बम म्हणून तो सैल आहे. बीटल्सचे ‘नाउ अँड देन’ (२०२३) हे एकच गाणे. जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोतून वेगळा काढणे १९९५ मध्ये जमले नव्हते, ते पुढे संगणकाने शक्य केले.

शरीरही साथ देईलच असे नसते. गायक मूळ पट्टीपेक्षा अर्धा-एक स्वर खाली गातात. श्रवणशक्ती गमावण्याच्या धोक्यामुळे गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये एसी/डीसीचा दौरा अर्ध्यावर सोडावा लागला होता; ‘पॉवर अप’वर तो परतला. जुडास प्रीस्टचा गिटारवादक ग्लेन टिप्टन पार्किन्सनमुळे नियमित दौरे करू शकत नाही, पण २०२४ च्या ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’मध्ये त्याचा वाटा आहे. स्टुडिओत थांबता येते, तुकडा पुन्हा वाजवता येतो. मंचावर ती सवलत नसते.

खपाचे चित्र साधारण सारखेच दिसते. निष्ठावान चाहते एलपी, सीडी आणि संग्राह्य आवृत्त्या पहिल्याच आठवड्यात उचलतात, अल्बम खपाच्या यादीत वर चढतो आणि लवकरच घसरतो. ‘हॅक्नी डायमंड्स’ची एलपी तर अमेरिकी बेसबॉल संघांच्या चिन्हांसह निरनिराळ्या वेष्टनांतही निघाली. रखडण्याचा विक्रम बहुधा गन्स एन’ रोझेसच्या ‘चायनीज डेमॉक्रसी’चा (२००८). त्याचे काम एक तपाहून अधिक काळ लांबले, आणि तोवर मूळ बँडपैकी फक्त गायक ॲक्सल रोझ उरला होता. उलट द क्युअरचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ (२०२४) सोळा वर्षांनी आला आणि मुरलेला वाटला. त्यात आठच गाणी आहेत. पहिल्या गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथ तीन मिनिटांहून अधिक काळ तोंडच उघडत नाही. आईवडील आणि भाऊ गमावल्यानंतरची ही गाणी आहेत. विशीतल्या स्मिथला उदास गाणी सुचत होती, पण ही सुचली नसती.

भारतात इतके जुने आणि अजून नवे लिहिणारे रॉक बँड मोजकेच. मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झालेला, १९९३ पासून ‘इंडस क्रीड’ म्हणवणारा बँड १९९७ मध्ये विसर्जित झाला. गायक उदय बेनेगल न्यू यॉर्कला गेला. २०१० मध्ये तो, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले; रुशाद मिस्त्री (बेस) आणि जय राव कवी (ड्रम) हे तरुण वादक त्यांना मिळाले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ निघाला. जुन्या गाण्यांवर दौरे काढून पोट भरावे एवढी बाजारपेठ भारतातल्या इंग्रजी रॉकला कधी नव्हती, त्यामुळे पुन्हा उभे राहायचे तर नवी गाणी घेऊनच राहावे लागले.