पाचव्या वर्षातली एम.एस. ‘अर्धी’ नसते

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: अमेरिकेत संख्याशास्त्राची मास्टर्स एका वर्षात मिळते, म्हणजे ती कच्ची पदवी. हे खरं नाही. तिथली पदवी चार वर्षांची असते आणि काही विद्यापीठांत तिला जोडूनच पाचव्या वर्षी मास्टर्स, म्हणजे एम.एस., पूर्ण करता येते. वर्ष वाचतं ते अभ्यास कापून नव्हे. विद्यार्थी चौथ्या वर्षीच मास्टर्सचे काही विषय घेतो आणि त्यांचे क्रेडिट्स (पदवीसाठी जमा होणारे अभ्यासाचे एकक) बहुधा दोन्ही पदव्यांत धरले जातात. संभाव्यता सिद्धांत, अनुमानशास्त्र, रिग्रेशन यांतून कुणाचीच सुटका नाही. उलट ताण वाढतो, म्हणून चांगले गुण आणि कॅल्क्युलस, रेषीय बीजगणिताची पक्की तयारी आधीच बघतात.

मात्र ही सोय सहसा त्याच विद्यापीठाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. इथून बी.एस्सी. करून थेट त्या पाचव्या वर्षात शिरता येईल, असं मुलांना कृपया सांगू नका. त्यांना तिथल्या नेहमीच्या मास्टर्सलाच अर्ज करावा लागतो.

आपल्याकडेही 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, तर चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची मास्टर्स आहे. बेरीज दोन्हीकडे पाचच.