सॅमन: आधी खत, मग नांगर

ठाण्यातल्या हॉटेलांत 'इंडियन सॅमन' मागवलं की ताटात येतो आपला रावस. खऱ्या सॅमनशी त्याचं काही नातं नाही. सॅमनची थोडी कल्पना यायची असेल तर पहिल्या पावसात मुरबाड-शहापूरकडचे ओहोळ बघावेत. वलगणीचे मासे अंडी घालायला पाण्याविरुद्ध भातखाचरांकडे चढत असतात आणि माणसं टोपल्या-जाळी घेऊन वाटेत उभी. चढणीपुरतं हे साम्य. सॅमन पुढे जे करतो ते इथे दिसत नाही.

पॅसिफिक सॅमन समुद्रात वाढतो, जन्माच्या नदीत परततो, अंडी घालतो आणि मरतो. अभ्यासकांचं लक्ष गेलं ते आधी या मढ्यांकडे. अलास्कातल्या कार्लुक तलावावरच्या १९३२च्या अहवालात ज्युडे आणि सहकाऱ्यांनी कुजणाऱ्या सॅमनमधून पाण्याला फॉस्फरस मिळतो, हे मांडलं. पुढे नायट्रोजन-१५च्या (नायट्रोजनचं जड रूप, समुद्रातून आलेल्या सॅमनमध्ये ते जास्त असतं) मोजणीतून समुद्रातला नायट्रोजन ओढ्यातल्या किड्यांपर्यंत पोहोचल्याचंही दिसलं. थोडक्यात, कित्येक वर्षं सॅमन म्हणजे खत.

मरण्याआधी मादी काय करते, ते मात्र मागे राहिलं. ती कुशीवर होते आणि शेपटी फटाफट आपटते. खडे उडतात, पाणी गढुळतं, बारीक गाळ वाहून जातो आणि खळगा तयार होतो. त्यात अंडी पडली की मादी प्रवाहाच्या जरा वरच्या बाजूला पुन्हा खणते; तिथले खडे येऊन आधीची अंडी झाकतात. बर्नर यांनी कोलंबिया नदीतली अशी घरटी मोजली होती (१९५१), पण त्याच गोट्यांना धरून बसलेल्या किड्यांच्या अळ्यांचं काय होतं, हा प्रश्न बराच नंतरचा.

१९९४मध्ये जोन्स, लॉटन आणि शाचक यांनी 'परिसंस्थेचे अभियंते', म्हणजे भोवतालची जागाच बदलून टाकणारे जीव, ही कल्पना मांडली. सॅमन तिच्यात चपखल बसला. मला विचाराल तर अभियंता कसला, नांगऱ्याच! ब्रिटिश कोलंबियातल्या काही ओढ्यांत वर्षभरात तळाशी सरकणाऱ्या खडी-वाळूपैकी जवळपास निम्मी सॅमनच हलवतात, असं २००८मध्ये हसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

या नांगरटीत अळ्यांची वाताहत होते. मढ्यांचं खत मिळायचं ते नंतर. तोवर कित्येक जणी वाहून गेलेल्या असतात. मूर आणि शिंडलर यांना २०१०मध्ये त्यातली एक पळवाटही दिसली. सॅमन भरपूर येतात त्या अलास्कातल्या ओढ्यांत कीटक लवकर मोठे होतात आणि खणाखणी सुरू व्हायच्या आत पंख फुटून उडून जातात.