बाळ अजून बोलतच नाही, मग आमच्याकडे कशाला?

स्पीच थेरपिस्ट म्हटलं की आरशासमोर बसवून ‘र’ आणि ‘ळ’ घोटून घेणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. म्हणून डॉक्टरांनी आठ महिन्यांच्या किंवा दीड वर्षाच्या मुलाला आमच्याकडे पाठवलं की आईबाबा गोंधळतात. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसोबत आम्ही काय करतो, ते पहिल्या भेटीआधी वाचून घ्या.

पहिल्या शब्दाआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. बाळाचे कान पोटात असतानाच काम करू लागतात, आणि जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते आईचा आवाज वेगळा ओळखतं. दोन-तीन महिन्यांत हुंकार, सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘ददद’, आणि वर्षाच्या आगेमागे पहिला शब्द. यात आम्ही सगळ्यात बारकाईने पाहतो ते बाळाचं बोट. वर्षाच्या सुमाराला मूल पंख्याकडे बोट दाखवतं आणि वळून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. ‘तुलाही दिसतंय ना?’ असं ते विचारत असतं. ही सांगण्याची ओढ आधी येते, शब्द तिच्या मागून. दोन मुलांचे शब्द सारखेच कमी असतील, पण एकात ही ओढ असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर आम्ही दोघांसोबत अगदी वेगळं काम करतो.

आधी कान

बोलायला उशीर होत असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी आम्ही करायला सांगतोच. ‘हाक मारली की बघतो’ एवढ्यावर विसंबू नका. कमी ऐकू येणारं मूल सावलीवरून, जमिनीच्या हादऱ्यावरूनही वळतं. काहींना दार आपटलेलं ऐकू येतं, पण ‘स’, ‘श’ पोचत नाहीत. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठूनही आवाज दबतात. ओएई (कानाच्या आतल्या भागाचा प्रतिसाद) आणि बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का) या तपासण्या बाळ झोपलेलं असताना होतात, त्याला काही दुखत नाही. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. जन्मानंतरचा रिपोर्ट चांगला असला तरी शंका आल्यास तपासणी पुन्हा करा. काही श्रवणदोष नंतर उद्भवतात.

काही बाळं आमच्याकडे बोलण्यासाठी नव्हे, दूध नीट पिता यावं म्हणून येतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा ताल गर्भावस्थेच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमाराला जुळू लागतो, त्यामुळे वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तो जमायला अवधी लागतो. पिताना बाळ वारंवार खोकत असेल किंवा ओठ निळसर पडत असतील, तर आमच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा.

‘तुम्ही तर नुसतं खेळता!’

हो, जमिनीवर बसून खेळतो. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात आवडतं खेळणं ठेवतो, मुलाच्या हातात देतो आणि थांबतो. मनात दहापर्यंत मोजतो. मूल डबा परत देतं, बघतं, ‘अं’ म्हणतं. तेवढं पुरे. आम्ही ‘उघड!’ म्हणतो आणि झाकण काढतो. मोठ्यांना हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं.

आठवड्यातला एखादा तास मूल आमच्यासोबत असतं, बाकी सगळा वेळ तुमच्यासोबत. म्हणून आम्ही खरं शिकवतो ते तुम्हाला. अंघोळ, कपडे, झोप हेच सरावाचे प्रसंग. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घेणं सोडा. मूल ‘गाडी’ म्हणालं तर ‘हो, लाल गाडी गेली’ म्हणा.

मोबाइलवरच्या बडबडगीतांतून शब्द येतील ही आशा आम्ही समजू शकतो, पण लहान बाळांचं शिकणं तसं होत नाही. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसोबत कुणीतरी समोर बसून मँडरिन बोललं, तेव्हा १२ भेटींत त्यांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तेच बोलणं पडद्यावर दाखवल्यावर ती काहीच शिकली नाहीत.

घरात दोन भाषा बोलल्याने उशीर होत नाही. दोन्हींतले शब्द मिळून मोजा. जीभ खाली चिकटलेली असेल तर दूध ओढायला त्रास होऊ शकतो, पण शब्दच न येण्याचं कारण ते नसतं.

कधी यायचं?

१२ महिन्यांपर्यंत बडबड किंवा खाणाखुणा नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, तर या. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत मूळ अपेक्षित तारखेपासून धरा. आलेले शब्द किंवा नजरेला नजर देणं गेलं, तर कोणत्याही वयात लगेच या. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे खरं असेल, आणि उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतातही. पण आपलं मूल त्यांपैकी आहे की नाही, हे दोन वर्षांच्या वयात खात्रीने सांगता येत नाही. म्हणून तपासून घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. सगळं ठीक असेल तर तसं सांगून घरी पाठवू.

अमुक महिन्यांत बोलेल, असं वचन आम्ही देत नाही.

येताना श्रवणतपासणीचे कागद आणा, आणि घरात खेळताना मोबाइलवर घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओही. मूल म्हणतं त्या शब्दांची यादी करा. कुत्र्याला ‘भू’ म्हणत असेल तर तोही शब्दच, लिहा. आणि बाळाची झोप पूर्ण झालेली असेल अशी वेळ मागून घ्या.