उत्तर कोरियाशी अणुवाटाघाटी : मकावच्या बँकेत अडकलेला करार

उत्तर कोरियाबरोबर पुन्हा चर्चा होईल का, या प्रश्नावर बोलणारे बहुतेक जण २०१८ साली सिंगापूरला झालेल्या ट्रम्प-किम भेटीपासून सुरुवात करतात. तिथे निघालेल्या निवेदनात ठोस असे फारसे काही नव्हते. चर्चेने खरोखर काय साधू शकते आणि ती कशाने मोडते, हे पाहायचे तर २००५ ते २००८ ही तीन वर्षे जास्त उपयोगाची आहेत.

त्याआधीचे थोडक्यात. १९९४ साली जिनिव्हात झालेल्या करारानुसार उत्तर कोरियाच्या योंगब्योन केंद्रातली, बॉम्बसाठी प्लुटोनियम देणारी अणुभट्टी बंद राहिली. बदल्यात वीजनिर्मितीसाठी दोन ‘हलक्या पाण्याच्या’ अणुभट्ट्या आणि त्या उभ्या राहीपर्यंत दरवर्षी पाच लाख टन इंधन तेल मिळायचे होते. तेल उशिरा का होईना, येत गेले. भट्ट्या मात्र कधीच पूर्ण झाल्या नाहीत. २००२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने चोरट्या युरेनियम समृद्धीकरणाचा, म्हणजे बॉम्बच्या इंधनाच्या दुसऱ्या वाटेचा, आरोप केला, तेल थांबले, निरीक्षकांना देशाबाहेर काढण्यात आले आणि जानेवारी २००३ मध्ये उत्तर कोरियाने अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. आरोपात तथ्य होते, हे पुढे दिसलेच. पण त्या आरोपापायी प्लुटोनियमवरचा असलेला पहाराही गेला.

मग बीजिंगमध्ये दोन्ही कोरिया, अमेरिका, चीन, जपान आणि रशिया या सहा देशांची चर्चा सुरू झाली. १९ सप्टेंबर २००५ रोजी तिथे निघालेले संयुक्त निवेदन आजही या विषयातला सर्वांत स्पष्ट कागद आहे. सर्व अण्वस्त्रे आणि चालू अणुकार्यक्रम सोडून देण्याचे उत्तर कोरियाने त्यात लिहून दिले. अमेरिकेने हल्ल्याचा इरादा नसल्याची ग्वाही दिली.

त्याच्या चारच दिवस आधी, बीजिंगमध्ये मसुद्यावर घासाघीस चालू असताना, वॉशिंग्टनमधल्या अर्थखात्याने मकावमधल्या एका लहानशा खासगी बँकेवर बोट ठेवले. काळा पैसा पांढरा करणे आणि बनावट डॉलर चलनात आणणे यासाठी उत्तर कोरिया ही बँक वापरतो, असे त्याचे म्हणणे होते. बँकेने ते नाकारले. तरी ठेवीदारांनी पैसे काढण्यासाठी रांगा लावल्या, स्थानिक प्रशासनाने कारभार हाती घेतला आणि उत्तर कोरियाशी संबंधित खात्यांतले सुमारे अडीच कोटी डॉलर गोठवले.

देशाच्या मानाने ही रक्कम किरकोळ. पण अमेरिकी अर्थखात्याच्या यादीत आपले नाव यायला नको म्हणून आशियातल्या इतर बँकांनीही उत्तर कोरियाचे व्यवहार टाळायला सुरुवात केली. खरा मार बसला तो इथे. या कारवाईचे समर्थक सांगतात की ती कायद्याची अंमलबजावणी होती, वाटाघाटींशी तिचा संबंध नव्हता. कागदावर ते बरोबर असेलही. पण राजनैतिक अधिकारी आश्वासने देत असताना त्याच सरकारचे दुसरे खाते गळा आवळते, हे समोरच्याला दिसत होते. नोव्हेंबरनंतर चर्चा वर्षभर बंद पडली. जुलै २००६ मध्ये क्षेपणास्त्रे उडाली आणि ९ ऑक्टोबरला पहिली अणुचाचणी झाली. चाचणीची तयारी आधीपासून असणारच. तरी त्या वर्षात तिला अडवणारे टेबलच उरले नव्हते.

पुढचा भाग जवळजवळ प्रहसनाचा. फेब्रुवारी २००७ मध्ये नवा करार झाला : साठ दिवसांत योंगब्योन बंद, बदल्यात पहिल्या टप्प्यात ५० हजार टन इंधन तेल. मकावमध्ये गोठवलेले पैसे हाती आल्याशिवाय उत्तर कोरिया भट्टी बंद करेना. पैसे परत करायला अमेरिका तयार झाली, पण डागाळलेले पैसे पुढे पाठवायला एकही बँक तयार होईना. चीनच्या बँकेनेही हात झटकले. साठ दिवसांची मुदत उलटून गेली. अखेर जूनमध्ये ती रक्कम मकावहून अमेरिकेच्याच मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेत, तिथून रशियाच्या मध्यवर्ती बँकेत आणि मग रशियाच्या अतिपूर्वेकडच्या एका व्यापारी बँकेत पोहोचली. त्यानंतर महिन्याभरात योंगब्योनची भट्टी थंडावली, निरीक्षक परतले. जून २००८ मध्ये तिथला शीतकरण मनोरा परदेशी कॅमेऱ्यांसमोर सुरुंगाने पाडला गेला. त्या मकावच्या बँकेवरचा शिक्का मात्र २०२० मध्ये निघाला.

२००८च्या अखेरीस चर्चा तुटली ती पडताळणीवर. निरीक्षकांनी कुठे जायचे, मातीचे आणि कचऱ्याचे नमुने बाहेर न्यायचे का, हे लेखी ठरेना. तोंडी ठरले होते असे अमेरिका म्हणत राहिली. २००९ मध्ये दुसरी चाचणी झाली. २०१० साली एका अमेरिकी शास्त्रज्ञाला योंगब्योनमध्ये बोलावून समृद्धीकरणाची सुमारे दोन हजार यंत्रे दाखवण्यात आली. २०१७ पर्यंत चाचण्यांची संख्या सहावर गेली आणि कोळसा, मासळी, कापड सगळ्याच निर्यातीवर निर्बंध आले.

म्हणूनच २०१९ मध्ये हनोईतल्या ट्रम्प-किम भेटीत मागणी तेलाची नव्हती. योंगब्योनच्या बदल्यात सुरक्षा परिषदेच्या अकरापैकी पाच ठरावांतले निर्बंध उठवा, असे उत्तर कोरियाने नंतर सांगितले. अमेरिकेच्या मते त्या पाचांत जवळपास सगळेच आले, आणि योंगब्योनबाहेरची केंद्रे तशीच राहिली असती. दुपारच्या जेवणाची टेबले मांडलेली होती. जेवण रद्द झाले.

तेव्हा निर्बंध उठवणे हे अमेरिकेच्या हातातले मोठे नाणे होते. आता ते घासले गेले आहे. मार्च २०२४ मध्ये निर्बंधांवर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञगटाची मुदतवाढ रशियाने नकाराधिकार वापरून रोखली. जूनमध्ये प्योंगयांगमध्ये रशिया आणि उत्तर कोरिया यांचा परस्परसंरक्षणाचा करार झाला आणि त्याच वर्षी उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या बाजूने युक्रेनविरुद्धच्या युद्धात उतरले. अण्वस्त्रधारी असल्याचे कायद्यात २०२२ साली आणि राज्यघटनेत २०२३ साली लिहून झाले आहे. त्यामुळे पुढे बोलणी झालीच, तर ती शस्त्रे सोडण्यापेक्षा नवी चाचणी आणि बॉम्बसाठीचे नवे इंधन थांबवण्यावर होण्याची शक्यता अधिक. तरीही नमुने कोण घेणार आणि कुठून, हा २००८चा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येईल. फरक इतकाच, की समृद्धीकरण लपवणे भट्टी लपवण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.